टाइमशीट शुक्रवारी संध्याकाळी भरू नका

टाइमशीट म्हणजे कुठल्या कामाला किती वेळ गेला त्याची नोंद. शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर भरलेली टाइमशीट लांबूनही ओळखू येते. सोमवार ते शुक्रवार रोज बरोबर आठ तास. मिनिटांच्या जागी सगळीकडे शून्य-शून्य, फार तर तीस. वर्णनाच्या रकान्यात 'डेव्हलपमेंट', 'डेव्हलपमेंट', 'मीटिंग', 'डेव्हलपमेंट'. भरणारा खोटं बोलत नसतो. मंगळवारी दुपारी तीन ते पाच आपण काय करत होतो हे त्याला खरंच आठवत नसतं, म्हणून तो मेल आणि कॅलेंडर चाळून अंदाज मांडतो. त्यात पाच-पाच मिनिटांचे फोन हमखास गळतात आणि लांबलेलं काम आखडून बसतं, कारण दिवसाची बेरीज आठच यायला हवी असते.

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या: क्लॉकिफाय, टॉगल, हार्वेस्ट, स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेलं किमाई, नाहीतर साधी एक्सेल. काम आणि नोंद यांच्यातलं अंतर किती तासांचं आहे यावरच आकड्यांचा खरेपणा ठरतो. खाली जे लिहिलं आहे ते दहा-पंधरा माणसांच्या ऑफिससाठी: बाणेरमधली छोटी सॉफ्टवेअर कंपनी, ठाण्यातलं सीए ऑफिस, डिझाइन स्टुडिओ. म्हणजे जिथे तासांवर बिल होतं, किंवा बिल ठरलेल्या रकमेचं असलं तरी तास कुठे गेले हे कळायला हवं असतं.

आधी एक गल्लत दूर करू. हजेरी, टाइमशीट आणि पगारपत्रक या तीन वेगळ्या वह्या आहेत. दारावरचं बोटाच्या ठशाचं मशीन माणूस आत कधी आला आणि बाहेर कधी गेला एवढंच सांगतं. आतल्या वेळात काय झालं ते टाइमशीट सांगते. पगार कायद्याने आणि कराराने ठरतो. या तिन्ही वह्या मिनिटाला मिनिट जुळवायचा हट्ट धरला की माणसं टाइमशीट हजेरीवर बेतून भरू लागतात. पंचिंग ९:०४ ते ६:३८ असेल तर त्यातून जेवण वजा करून उरलेले तास कुठल्यातरी प्रोजेक्टवर टाकून मोकळी होतात. दिवसाचा फरक तासाभरापेक्षा जास्त असेल तरच विचारा. चहा, जिन्यातल्या गप्पा, गेलेली लाइट, यांत अर्धा-पाऊण तास कुठल्याही ऑफिसात जातो आणि तो दिसला तरी बिघडत नाही.

ओव्हरटाइमचा हिशोब मात्र हजेरीच्या वहीतून करायचा, टाइमशीटमधून नाही. कारखान्यांसाठीच्या १९४८ च्या कायद्यात जादा वेळेचा दर दुप्पट होता, महाराष्ट्रातल्या दुकाने-आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यातही दुप्पट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या कामगार संहितांमध्येही तो दुप्पटच आहे. महिना २६,००० रुपये पगार, २६ दिवस, रोज आठ तास धरले तर तासाला १२५ रुपये पडतात आणि ओव्हरटाइमला २५०. रोजच्या आणि तिमाहीच्या तासांच्या मर्यादा सरकार वेळोवेळी बदलत असतं. म्हणून मर्यादेचा आकडा सूत्रात कोंबू नका. तो वेगळ्या रकान्यात ठेवा आणि शेजारी 'अमुक तारखेपासून लागू' असं लिहा. नाहीतर नियम बदलला की मागच्या महिन्यांचे हिशोबसुद्धा नव्या आकड्याने बदलून बसतात.

कोडांची यादी

बहुतेक टाइमशीट सॉफ्टवेअरची रचना तीन मजली असते: क्लायंट, त्याखाली प्रोजेक्ट, त्याखाली कामाचा प्रकार. किमाईत त्यांना कस्टमर, प्रोजेक्ट आणि ॲक्टिव्हिटी म्हणतात. कामाचा प्रकार एका प्रोजेक्टपुरता ठेवता येतो किंवा सगळ्यांना सामाईक. छोट्या ऑफिसने सामाईकच ठेवावेत आणि दहाच्या वर जाऊ देऊ नयेत. चाळीस कोडांच्या यादीतून बरोबर कोड शोधायला वीस सेकंद लागतात, आणि दिवसातून पंधरा वेळा वीस-वीस सेकंद कोणी घालवत नाही. माणूस सगळ्यात वरचा कोड निवडतो आणि पुढे जातो. अहवाल काढल्यावर 'ॲनालिसिस' फुगलेलं दिसतं, कारण इंग्रजी वर्णमालेत ते पहिलं येतं.

'मीटिंग' हा प्रोजेक्ट कधीच असू नये. मीटिंग कोणाची, हे प्रोजेक्टने सांगायचं. मीटिंग हा फक्त कामाचा प्रकार. 'सपोर्ट', 'टेस्टिंग', 'रिव्ह्यू' यांचंही तसंच. मधला मजला आणि खालचा मजला एकमेकांत मिसळले की क्लायंटनिहाय बेरीज कायमची बिघडते, आणि ती नंतर दुरुस्त करायला हजारो नोंदी हाताने उघडाव्या लागतात.

ऑफिसच्या अंतर्गत कामासाठी एक खोटा क्लायंट तयार करा, ऑफिसच्याच नावाने. त्याखाली प्रशिक्षण, नव्या कामाची प्रपोजलं, मुलाखती, ऑफिसची कामं, आणि बेंच, म्हणजे हातात कुठलंच काम नसलेला वेळ. 'बेंच' हा कोड ठेवायला मालकांना जड जातं, पण तो नसला की रिकामा वेळ कुठल्यातरी क्लायंटच्या डोक्यावर जाऊन बसतो. 'इतर' हा कोड ठेवायचाच असेल तर त्याला वर्णन सक्तीचं करा आणि महिन्याअखेर त्यातल्या नोंदी वाचा. एकाच तऱ्हेचं काम त्यात पाच-सहा वेळा आलं तर त्याला स्वतःचा कोड हवा आहे.

सीए ऑफिसात मजल्यांची नावं बदलतात: क्लायंट, मग नेमणूक आणि तिचं आर्थिक वर्ष, मग काम. 'जीएसटी' असा एकच कोड वर्षभर चालवला तर काहीच कळत नाही. जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) महिन्याच्या ११ तारखेला, ३बी (कर भरायचं विवरण) २० तारखेला, टीडीएसचा (कापून घेतलेल्या कराचा) भरणा ७ तारखेला, असे ठरलेले टप्पे आहेत. महिन्याचा कोड वेगळा ठेवायची गरज नाही, कारण तारीख नोंदीतच असते. पण आर्थिक वर्ष प्रोजेक्टच्या नावातच हवं. सप्टेंबरमध्ये एकाच क्लायंटचं मागच्या वर्षाचं टॅक्स ऑडिट आणि चालू वर्षाची मासिक कामं शेजारी-शेजारी चालतात. कोड एकच असेल तर आर्टिकलशिपची (सीए होण्यासाठी ऑफिसात काम शिकणारी) मुलं दोन्ही एकात भरतात आणि ऑडिटला खरोखर किती तास गेले ते कोणालाच सांगता येत नाही.

नोंद कशी आणि कधी

टायमर लावायचा की हाताने भरायचं, हा वाद सतत चालतो. एका कामावर तासभर बसणाऱ्याला टायमर सोयीचा. दर दहा मिनिटांनी फोन घेणाऱ्याला तो छळ. दोन्ही चालू द्या, पण एक अट कडक ठेवा: आजची नोंद आजच. दिवसातून दोनदा बसायचं, जेवायला उठण्याआधी दोन-तीन मिनिटं आणि घरी निघताना दोन-तीन मिनिटं. जेवणाच्या वेळची नोंद बहुतेक जण टाळतात, पण खरा फरक तीच पाडते. सकाळचे चार तास दुपारी स्वच्छ आठवतात, संध्याकाळी निम्मेच.

टायमरची ठरलेली खोड म्हणजे तो बंद करायचा राहतो. रात्री लॅपटॉप मिटला जातो, सकाळी उघडल्यावर १४ तास २२ मिनिटांची नोंद धावत असते. टॉगल आणि क्लॉकिफायच्या डेस्कटॉप ॲपमध्ये निष्क्रियता ओळखायची सोय आहे. कीबोर्ड-माउस ठरावीक मिनिटं हलला नाही की ते विचारतं, हा वेळ ठेवू की काढू? ती मर्यादा पाच मिनिटांवर ठेवू नका. कागदावर आकृती काढणारा किंवा फोनवर बोलणारा माणूस पाच मिनिटांत निष्क्रिय ठरतो, वैतागतो आणि सोयच बंद करून टाकतो. पंधरा-वीस मिनिटं ठीक. शिवाय एका नोंदीची कमाल मर्यादा लावता येत असेल तर दहा तासांची लावा.

पाच मिनिटांच्या फोनांचं काय? प्रत्येक फोनची वेगळी नोंद करायला लावली तर तीन दिवसांत सगळे थकतात. त्यापेक्षा प्रत्येक क्लायंटसाठी दिवसाची एकच नोंद: 'फोन आणि मेल', आणि वर्णनात विषय. दिवसभर कागदाच्या चिठ्ठीवर रेघा मारत जायच्या, एक रेघ म्हणजे पाच मिनिटं, आणि संध्याकाळी बेरीज टाकायची. खुळचट वाटतं, पण कुठल्याही ॲपपेक्षा हे जास्त टिकतं.

वर्णन लिहिताना एक लक्षात ठेवा. ते उद्या क्लायंटच्या टेबलावर जाणार आहे. 'बग फिक्स' या दोन शब्दांवर तीन तासांचं बिल लावलं की प्रश्न येतोच. 'ओटीपी दोनदा जात होता. कारण शोधलं, दुरुस्त केलं, टिकिट १४२' असं लिहिलं तर बहुधा येत नाही. काय बिघडलं होतं, काय केलं आणि टिकिटाचा (तक्रारीच्या नोंदीचा) क्रमांक, इतकं पुरे. बिल इंग्रजीत जात असेल तर वर्णनही पहिल्यापासून इंग्रजीत लिहून घ्या. महिन्याअखेर दोनशे ओळींचं भाषांतर करायला कोणाला वेळ नसतो. आणि 'अमक्याने केलेला घोळ निस्तरला' असं कधीच लिहू नका, तो घोळ खरा असला तरी.

पंधरा मिनिटांचं गणित

सगळ्यात जास्त पैसे इथे हलतात, आणि हे सेटिंग बहुतेकांनी एकदाही उघडून पाहिलेलं नसतं.

समजा एका क्लायंटसाठी दिवसात सहा नोंदी झाल्या: ७, १२, ५, २२, ९ आणि ३१ मिनिटं. खरी बेरीज ८६ मिनिटं. आता प्रत्येक नोंद पंधरा मिनिटांवर वर ढकलली तर १५, १५, १५, ३०, १५, ४५, म्हणजे १३५ मिनिटं. प्रत्येक नोंद जवळच्या पंधरावर नेली तर ०, १५, ०, १५, १५, ३०, म्हणजे ७५. वकिलांकडे चालतो तसा सहा मिनिटांचा, म्हणजे तासाच्या दहाव्या भागाचा एकक धरून वर ढकललं तर १०२. आणि नोंदी तशाच ठेवून फक्त दिवसाची बेरीज पंधरावर वर नेली तर ९०. काम तेच, दिवस तोच, आणि बिल ७५ मिनिटांपासून १३५ पर्यंत कुठेही.

तासाला २,००० रुपये दर असेल तर १३५ आणि ९० मिनिटांमधला फरक दिवसाला १,५०० रुपयांचा झाला. क्लायंटकडे जरा चौकस माणूस असेल तर तो पहिल्याच बिलात हे पकडतो. करारात एक ओळ असायलाच हवी: एकक किती मिनिटांचा, गोल करायचं ते नोंदीला की दिवसाच्या बेरजेला, आणि वर की जवळ. माझं मत विचाराल तर नोंद मिनिटात ठेवा आणि दिवसाच्या बेरजेला, क्लायंटनिहाय, एकदाच गोल करा. नोंद साठवतानाच गोल करणाऱ्या सेटिंगमध्ये मूळ मिनिटं कायमची जातात. नंतर वाद झाला तर दाखवायला काही उरत नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे सुरुवात आणि शेवट दोन्ही वेगवेगळे गोल करणं. ९:०७ ते ९:५३ हे काम ४६ मिनिटांचं. दोन्ही टोकं जवळच्या पंधरावर नेली की ९:०० ते १०:००, म्हणजे तास. किमाईत सुरुवात, शेवट आणि कालावधी या तिन्हींच्या गोल करण्याचे आकडे स्वतंत्र असतात. पहिल्या दोहोंना एक मिनिट ठेवा, म्हणजे तिथे काही हलणार नाही.

आता एक्सेल. तिथे १:३० आणि १.३० यांत पाऊण आणि सव्वासारखी गल्लत होते. दीड तास म्हणजे १.५०. सात तास पंचेचाळीस मिनिटं म्हणजे ७.७५. टाइमशीटचा रकाना एकाच पद्धतीचा ठेवा आणि शीर्षकातच लिहा, 'तास (दशांशात)' किंवा 'तास:मिनिटं'.

एक्सेल वेळ साठवते ती दिवसाचा अपूर्णांक म्हणून. आठवड्याची बेरीज ४२ तास ३० मिनिटं झाली की साध्या वेळेच्या फॉरमॅटमध्ये ती १८:३० दिसते, कारण पहिले २४ तास एक पूर्ण दिवस म्हणून बाजूला पडतात. बेरजेच्या खान्याचा फॉरमॅट बदलून तासाचं एच हे अक्षर चौकोनी कंसात टाकलं की ४२:३० दिसू लागतं. दिसणं सुधारलं तरी गुणाकार चुकतोच. त्या खान्याला थेट ८०० रुपयांनी गुणलं तर १,४१६.६७ येतात, कारण आत साठवलेला आकडा १.७७०८ आहे. आधी २४ ने गुणायचं, मग दराने: ४२.५ गुणिले ८००, बरोबर ३४,०००. आकडा उघडच लहान असला तर चूक लगेच दिसते. पण एखाद्याच ओळीत असा गुणाकार राहिला आणि बाकीच्या बरोबर असल्या तर ती ओळ एकूण रकमेत बुडून जाते.

रात्रपाळीत २२:०० ला सुरू आणि सकाळी ६:०० ला शेवट असेल तर वजाबाकी ऋण येते आणि खाना हॅश चिन्हांनी भरतो. त्यावर उपाय भागाकाराची बाकी देणाऱ्या मॉड या सूत्राचा: शेवट वजा सुरुवात, भाजक एक. उत्तर आठ तास.

म्युनिक, कॅलिफोर्निया आणि साडेपाच तास

परदेशी क्लायंट असला की तारखेचा घोळ येतो. सर्व्हर यूटीसीवर (भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर) आणि वापरणाऱ्याचा टाइमझोन भरलेला नाही, अशा अवस्थेत मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचं काम आदल्या तारखेला पडतं. प्रत्येकाच्या खात्यात एशिया-कोलकाता निवडलं आहे ना, ते नवा माणूस आल्या दिवशीच तपासा. कॅलिफोर्नियाच्या क्लायंटने अहवाल स्वतःच्या वेळेत काढला तर उन्हाळ्यात पुण्यातली सोमवार सकाळी नऊची नोंद त्याला रविवारी रात्री साडेआठची दिसते. तो विचारतो, रविवारी कोणी काम केलं? महिन्याच्या एक तारखेची सकाळ तर मागच्या महिन्याच्या बिलात जाऊन बसते. करारात लिहून टाका: तारीख काम करणाऱ्याच्या ठिकाणची धरायची.

युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. जर्मनीच्या सकाळी दहाच्या रोजच्या मीटिंगला आपल्याकडे उन्हाळ्यात दीड वाजलेला असतो आणि हिवाळ्यात अडीच. अमेरिकेत हाच बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. मधल्या काही आठवड्यांत तिघांची घड्याळं वेगवेगळी चालतात. रोज तीच नोंद आपोआप टाकणारं टेंप्लेट लावलं असेल तर ते या दिवसांत चुकीच्या वेळेला नोंद टाकतं आणि ती खऱ्या कामावर चढते.

जर्मनीला पाठवायच्या फाइलीत अजून एक सापळा आहे. तिथे दशांशाला स्वल्पविराम लागतो आणि टिंब तारखेत वापरतात. आपण सीएसव्ही (साध्या मजकुराच्या) फाइलीत ७.५ तास पाठवले की जर्मन एक्सेल ते ७ मे असं उघडते. बेरीज काहीच्या काही येते आणि तिकडून मेल येतो की तुमची फाइल खराब आहे. सीएसव्हीऐवजी थेट एक्सेलची फाइल किंवा पीडीएफ पाठवा. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी लिहा, नाहीतर ०३/०४ हे आपल्याला तीन एप्रिल आणि अमेरिकेला चार मार्च.

जर्मनीतच नोकरीला असलेल्या मराठी मंडळींना वेगळा नियम लागतो. युरोपीय न्यायालयाने १४ मे २०१९ रोजी रोजचे कामाचे तास मोजणारी व्यवस्था मालकाने ठेवायलाच हवी असा निकाल दिला आणि जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने १३ सप्टेंबर २०२२ रोजी ते तिथल्या मालकांना बंधनकारक ठरवलं. सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर ३० मिनिटांची सुट्टी, नऊपेक्षा जास्त असेल तर ४५ मिनिटांची, आणि दोन कामाच्या दिवसांमध्ये साधारणपणे ११ तासांची विश्रांती. तिकडची सॉफ्टवेअर सुट्टीची मिनिटं आपोआप कापतात. सुट्टी घेतलीच नसेल तरीही कापतात. तेव्हा ते सेटिंग चालू आहे का, ते पाहून घ्या.

दर, ठरलेली रक्कम आणि टक्केवारी

तासाचा दर माणसाला लावता येतो, कामाच्या प्रकाराला, प्रोजेक्टला किंवा क्लायंटला. एकाच नोंदीला दोन दर लागू झाले तर सहसा जास्त नेमका दर जिंकतो, म्हणजे प्रोजेक्टचा दर क्लायंटच्या दरावर मात करतो. एकदा कच्ची नोंद करून तपासा. दर नोंदीबरोबरच साठवला जातो, त्यामुळे १ एप्रिलला दर वाढवला तरी आधीच्या नोंदी जुन्याच दरात राहतात, आणि तसंच हवं. गोची होते ती १ एप्रिलचा दर १० एप्रिलला भरल्यावर. मधल्या नऊ दिवसांच्या नोंदी जुन्या दराने बसलेल्या असतात आणि त्या एकेक उघडून बदलाव्या लागतात.

काम ठरलेल्या रकमेचं असेल तर 'मग टाइमशीट कशाला' असं हमखास विचारलं जातं. चाळीस हजारांच्या ऑडिटला नव्वद तास गेले आणि ऑफिसला एक तास साडेतीनशेला पडत असेल तर खर्च ३१,५०० झाला, हातात साडेआठ हजार उरले. तेच काम १२० तासांवर गेलं तर दोन हजार खिशातून. पुढच्या वर्षी फी ठरवताना हा आकडा हातात असतो की नसतो, एवढाच प्रश्न. प्रोजेक्टला तासांचं बजेट लावता येतं. ते लावा आणि ८० टक्क्यांवर सूचना येऊ द्या. शंभर टक्क्यांवर आलेल्या सूचनेचा उपयोग फक्त हळहळायला.

उपयोगितेची टक्केवारी, म्हणजे उपलब्ध तासांपैकी किती तासांचं बिल झालं, ती काढताना भाजक लिहा. २२ दिवसांचा महिना म्हणजे १७६ तास. दोन दिवस रजा गेली, १६० उरले. बिलाचे तास १२४. १६० ने भागलं तर ७७.५ टक्के, १७६ ने भागलं तर ७०.५. एकाच माणसाचे हे दोन आकडे दोन अहवालांत वेगवेगळे आले की मीटिंगचा अर्धा तास त्यातच जातो.

सोमवारी दुपारी कुलूप

आठवड्याचं वेळापत्रक असं ठेवा. शुक्रवारी दुपारी चारला आठवण जाते, ज्यांचे तास अपुरे आहेत त्यांनाच. सगळ्यांना पाठवलेली आठवण दुसऱ्या आठवड्यापासून कोणी वाचत नाही. सोमवारी दुपारी बाराला मागचा आठवडा लॉक. मंगळवारी टीम लीड अप्रूव्ह करतो. किमाईत लॉकचा कालावधी आणि वर थोडी सवलतीची मुदत दोन्ही देता येतात. महिना आठवड्याच्या मध्येच संपतो तेव्हा गडबड होते. ३१ तारीख बुधवारी आली तर त्या आठवड्याचे दोन तुकडे पडतात. बिलं गुरुवारी काढायची असतील तर बुधवारी संध्याकाळी एक जादा लॉक लावा आणि त्या दिवशी सगळ्यांना तोंडाने सांगा.

अप्रूव्ह करणाऱ्याने काय पाहायचं? प्रत्येक ओळ वाचायला त्याला वेळ नसतो. चार गोष्टी पुरतात: दहा तासांवरच्या नोंदी, एकमेकींवर चढलेल्या नोंदी, रजेच्या दिवशी भरलेले तास, आणि वर्णन रिकामं असलेली बिलेबल (बिलात धरायची) नोंद. त्यानंतर एक पाचवी, जी फारसं कोणी पाहत नाही: कामाची तारीख आणि नोंद तयार झाल्याची वेळ यांतला फरक. बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून हे काढता येतं. ज्याच्या नोंदी सरासरी तीन दिवस उशिरा तयार होतात त्याच्या मिनिटांवर फार विश्वास ठेवू नका, मग ती कितीही नेटकी दिसोत.

टाइमशीट न भरल्याबद्दल पगार कापू नका. कापायला लागलात की दुसऱ्या महिन्यापासून सगळ्यांचे आठ-आठ तास वेळेवर येतील आणि त्यांचा काही उपयोग नसेल. स्क्रीनशॉट घेणारी आणि कीबोर्ड मोजणारी सॉफ्टवेअर हेच वेगळ्या रस्त्याने करतात. माणसं माउस हलता ठेवायची युक्ती शोधतात, आणि तुम्ही त्या युक्तीचे पैसे मोजता.

बिल गेल्यानंतर चूक सापडली तर जुनी नोंद बदलायची नाही. बिलाला लावलेल्या नोंदी 'एक्सपोर्टेड' म्हणून खूण करून गोठवा. दुरुस्तीची नवी नोंद आजच्या तारखेने टाका आणि वर्णनात मूळ तारीख आणि बिलाचा क्रमांक लिहा. तास कमी करायचे असतील आणि बिल जीएसटीआर-१ मध्ये गेलेलं असेल तर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढावी लागते. ती दाखवायची शेवटची मुदत पुढच्या आर्थिक वर्षातली ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरण भरल्याची तारीख, यांतली आधीची. टाइमशीटमध्ये गुपचूप तास कमी केले तर बिल एक सांगतं, टाइमशीट दुसरं, आणि ऑडिटला दोन्ही कागद समोर येतात.

आणि एक कंटाळवाणं काम, जे दर महिन्याच्या ५ तारखेला करायचं: मागच्या महिन्याच्या सगळ्या नोंदी एक्सेल फाइलीत बाहेर काढून ऑफिसच्या ड्राइव्हवर ठेवणं. रकाने पूर्ण हवेत: तारीख, सुरुवात, शेवट, टाइमझोन, गोल न केलेली मिनिटं, बिलाची मिनिटं, माणूस, क्लायंट, प्रोजेक्ट, कामाचा प्रकार, वर्णन, दर, बिलेबल आहे की नाही, बिल क्रमांक. अनेक सॉफ्टवेअर फक्त बेरजेचा अहवाल चटकन देतात आणि तपशिलाचा वेगळ्या पानावरून काढावा लागतो. तपशिलाचाच काढा. सॉफ्टवेअर बदलताना नवीन ठिकाणी बेरजा आत घेता येत नाहीत, नोंदीच घ्याव्या लागतात.